मागच्या चाकाखालची फळी

टँकर रिकामा करताना मागच्या चाकाखाली एक फळी सरकवली, की गाडीची मागची बाजू जराशी उचलली जाते. तेल सोडायचा नळ असतो मागेच. बघणाऱ्याला वाटतं टाकी रिकामी झाली, पण पुढच्या कोपऱ्यात डिझेल गुपचूप बसून राहतं. परतीच्या वाटेवर ते विकायचं. अख्ख्या डेपोला हे माहीत होतं, पण बोलायची कुणाच्या बापाची हिंमत नव्हती.

मग नवा नियम आला. फळी सापडली की ड्रायव्हरचा परवाना कायमचा रद्द. आणि तपासणीला आली एक तरुण अधिकारी. ड्रायव्हरांनी तिचं नाव ठेवलं 'करवत'. नावाला जागली हो पोरगी! कुणाला म्हणून सोडलं नाही.

त्या दुपारी मात्र ती चालता चालता थांबली. रिकाम्या होत असलेल्या टँकरच्या चाकाखाली फळी होती, आणि ड्रायव्हर होता तिचा सख्खा थोरला भाऊ. लहानपणी सुट्टीत ती त्याच्याबरोबर फिरायची, तेव्हा हीच फळी ती सरकवायची. "लाव गं चिमणे," म्हणायचा तो. तिला तो खेळ वाटायचा. त्या खेळावरच आपलं शिक्षण झालं, हे तिला फार उशिरा कळलं.

"दादा, हे काय?" ती कुजबुजली.

"अगं, तूच आहेस म्हटल्यावर कसली भीती?" तो हसला. "आणि हे बघ, वहिनीनं आज तुझाही डबा दिलाय."

मागे बाकीचे ड्रायव्हर चहाचे ग्लास धरून उभे होते. चहा कुणीच पीत नव्हतं. करवतीनं भावाला सोडलं, तर उद्यापासून सगळ्यांच्या फळ्या बाहेर निघणार होत्या. ते त्यांनाही कळत होतं आणि तिलाही.

स्वतः फाटक्या चपलेत फिरून ज्यानं तिला शाळेचे बूट घेतले, त्याच्याच पोटावर पाय द्यायचा? कुठल्या तोंडानं?

"गाडी फळीवरून खाली घ्या," ती मोठ्यानं म्हणाली.

त्यानं डबा परत पिशवीत ठेवला. मग केबिनमध्ये चढला आणि गाडी पुढे घेतली. नळातून डिझेल भळाभळा वाहू लागलं. एक बादली भरली, दुसरी आणावी लागली. त्यानं न सांगताच खिशातून परवाना काढून तिच्या हातात दिला.

थोड्या वेळानं मागचे ड्रायव्हर आपापल्या केबिनमधून फळ्या काढून भिंतीशी टाकू लागले. जिंकली होती ती. जळो मेलं ते जिंकणं!

आयुष्यभर डेपोच्या फाटकातून गाडीनं गेलेला माणूस पायी निघाला. जाता जाता तिच्या टेबलापाशी थांबला, पिशवीतला डबा काढून ठेवला.

"येतो, मॅडम," तो म्हणाला. "तुम्ही जेवून घ्या."