किटलीवाला भीमा खरात

गुरुशांतअण्णा स्वतः तालमीत आले, तेव्हाच खरं तर भीमा पैलवानाला शंका यायला हवी होती. इतकी वर्षं नगरसेवक असलेला हा माणूस तालमीच्या दारात चप्पल काढून कधी उभारला नव्हता. त्या दिवशी मात्र अण्णा वाकून आत आले, कुस्तीच्या हौद्यातली चिमूटभर माती कपाळाला लावली आणि म्हणाले, "पैलवान, तुमच्यासारखी माणसं महापालिकेत पाहिजेत."

पैलवानाचं वय पन्नाशीला टेकलेलं. कान फुटलेले, मान बैलासारखी, गुडघे मात्र आता कुरकुरायला लागलेले. एके काळी सोलापूर जिल्ह्यात भीमा खरात हे नाव हलगीच्या आधी मैदानात पोचायचं. मंगळवेढ्याच्या जत्रेत त्याने कोल्हापूरच्या मल्लाला धोबीपछाडवर आसमान दाखवलं, तेव्हा लोकांनी त्याला खांद्यावरून खाली उतरूच दिलं नव्हतं. पण ते दिवस गेले. आता महापालिकेच्या जागेतल्या जुन्या तालमीत तो पोरापोरींना डाव शिकवायचा, आणि रस्त्याने जाताना नवीन पिढीतलं कुणी मान वर करून बघायचंही नाही.

अण्णांनी नेमकी तीच जागा दाबली.

"माझा अर्ज आहेच," ते म्हणाले, "पण वरून तिकिटाचं काय होईल, सांगता येत नाही. तुमचा अर्ज असू द्या. वेळ आली तर मीच तुमच्या मागं उभारतो. आणि काय हो, या पोरांना मॅट नको का? मातीत किती दिवस लोळणार?"

पैलवानाने घरी येऊन आईला सांगितलं. केराबाई मूळची सांगोल्याकडची, मेंढरांमागे फिरून हाडं काटक झालेली म्हातारी. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "अण्णाला तुझा एवढा पुळका कशापायी?"

"आयं, माझं बी काय नाव हाय की न्हाय?"

"हाय की. म्हनून तर इचारते."

पण पैलवान हवेत होता. अण्णांच्या माणसांनी अर्ज भरला, त्यांनीच सूचक आणले, त्यांनीच चिन्ह मागितलं. चिन्ह मिळालं किटली. अण्णांचं तिकीट काही कापलं गेलं नाही. पैलवानाला वाटलं, असू दे, मैदानात दोन मल्ल असल्याशिवाय कुस्ती होते का?

नावं मागे घ्यायचा दिवस गेला, प्रचार सुरू झाला, अण्णांच्या रिक्षा भोंगे वाजवत फिरू लागल्या. पैलवानाकडे मात्र कुणी फिरकेना. शेवटी त्यानेच अण्णांच्या शिवूला गाठलं. हा शिवू अण्णांची सगळी बारीकसारीक कामं करायचा.

"शिवू, आपला प्रचार कधी?"

शिवू हसला. "पैलवान, तुमी काय बी करायचं न्हाय. निवांत घरात बसायचं."

"घरात बसायला उभारलोय व्हय मी?"

"नाव दिलंय न्हवं तुमी? झालं की मग."

पैलवानाला ते लागलं. दुसऱ्या दिवशी त्याने स्वच्छ धोतर नेसलं, डोक्याला पटका बांधला आणि एकटाच निघाला. पहिली गल्ली लागली ती विडी कामगारांची. दारादारात बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. त्याने हात जोडले.

"मी भीमा खरात. चिन्ह किटली. ध्यान ठेवा."

उंबऱ्यावर बसलेल्या एका तेलुगू बाईने पान दुमडता दुमडता वर पाहिलं. "आमचं भीमा खरात कपबशी हाय."

"ते दुसरं कोण असंल. मी पैलवान."

"म्हाईत हाय. अक्काची मतं फोडायला अण्णानं उभारलेला माणूस तुमीच न्हवं का?"

पैलवान तिथेच थबकला. बाईच्या हातातला दोरा थांबला नाही. विडीचं तोंड बंद करत तिने सांगितलं, "तीन भीमा खरात हायत मशीनवर. आमची अक्का कपबशी. तुमी किटली. बँडवाला मास्तर ग्लास. चहाचं सगळं सामान मांडलंय अण्णानं. आमच्या म्हाताऱ्यास्नी वाचता येत न्हाय, त्या कुटं बी बटन दाबतील. अण्णा आरामात निवडून."

आजूबाजूच्या बायका हसल्या. ते हसू पैलवानाच्या पाठीवर चिंचेच्या फोकासारखं उठलं. उभ्या आयुष्यात त्याने नूरा कुस्ती केली नव्हती. आधीच ठरवून, हात मिळवून पडायचं आणि लोकांना फसवायचं, हे त्याला कधी जमलंच नाही. एकदा तर त्यापायी मानाचं मैदान सोडून तो घरी आला होता. आणि आता अण्णांनी त्याला न सांगता, त्याच्याच नावाने, तसल्याच कुस्तीत उतरवला होता.

तो तसाच भीमाक्काच्या घरी गेला.

भीमाक्का म्हणजे भीमा प्रदीप खरात. साठी उलटलेली, बुद्धविहाराच्या मागे दोन खोल्यांत राहणारी. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली तसा खचला आणि गेला. अक्काने विड्या वळून घर ओढलं. कारखान्यात विड्या घ्यायला बसलेला माणूस मूठमूठभर विड्या खराब म्हणून बाजूला काढायचा आणि त्याच पुन्हा विकायचा. अक्काने एका उन्हाळ्यात सगळ्या बायकांना फाटकावर बसवलं आणि ती मूठ बंद पाडली. तेव्हापासून अक्कलकोटपर्यंतच्या विडी वळणाऱ्या बायका तिचं नाव घ्यायच्या.

तिने पैलवानाला बसायला सांगितलं, पाणी दिलं. पैलवानाने तांब्याला हात लावला नाही.

"अक्का, मला म्हाईत नव्हतं."

"नसंल. पर इचारलं व्हतंत का कुणाला?"

पैलवानाने पटका काढून मांडीवर ठेवला.

"तुमी मंगळवेढ्यात कुस्ती मारलीत न्हवं," अक्का म्हणाली, "तवा बायका माझ्या दारात पेढे मागायला आल्या. भीमा खरात जिंकली म्हनून. मी बी वाटले पेढे. नाव माझंच व्हतं की! लई दिवस मिरवले मी तुमच्या कुस्तीवर." तिने तांब्या पुन्हा त्याच्याकडे सरकवला. "आता तुमी माझ्या नावावर मतं खाताय."

"मी अर्ज मागं घेतो."

"तारीख गेली. बटन ऱ्हानार."

"मग मी करू तरी काय?"

"ते मला इचारू नका. माझ्याकडनं माफी नेऊन घरी निवांत झोपायचं आसंल तर तसं बी जमायचं न्हाय. मैदानात तुमी उतरलाय. डाव तुमीच बघा."

पैलवान बाहेर पडला तो कानशिलं तापवूनच. घरी न जाता तो सरळ बँडच्या दुकानात गेला. भीमा मास्तर तिथे क्लारनेट पुसत बसला होता. हा तिसरा भीमा खरात, अंगाने काडी, पण फुंकेत असा दम की लग्नाच्या तारखा मास्तर मोकळा आहे का हे बघून धरल्या जायच्या. मोडनिंबपासून मंद्रूपपर्यंत क्लारनेट ऐकली की लोक न बघता म्हणायचे, खरात वाजवतोय.

मास्तरला सगळं माहीत होतं.

"अण्णांनी मंडळाच्या मिरवणुका द्यायचं कबूल केलंय," तो खाली मान घालून म्हणाला. "डीजे आल्यापासनं बँडला कोण इचारतंय, पैलवान? आन मला कोण वळकतं? मिरवणुकीत लोक नवरदेव बघत्यात."

"डोळं नवरदेवाकडं आसत्यात. पाय कुणामुळं हालत्यात?"

मास्तर पुन्हा क्लारनेट पुसू लागला.

"लेका, तुला वाजवाय बोलावलं असतं तर मान व्हता. मला कुस्तीला बोलावलं असतं तर मान व्हता. त्या माणसाला तुझी क्लारनेट नको, माझा डाव नको. नुस्तं नाव पायजे, तेबी एका बाईचा गळा दाबायला. आपण जल्मभर मिळवलं ते ह्याच्यासाठी?"

मास्तरने क्लारनेटची पत्ती ओठात धरून ओली केली. एक सूर काढला, मोडला, पुन्हा काढला. मग म्हणाला, "उद्या कुटं यायचं?"

दुसऱ्या दिवशी बाजाराच्या चौकात एक हातगाडा उभा राहिला. मास्तरने बँडचा लाल कोट घातला होता, गळ्यात ग्लासाचं चित्र. त्याने क्लारनेट तोंडाला लावली आणि असा काही सूर सोडला की भाजीवाल्यांचे तराजू तसेच लोंबकळत राहिले. गर्दी जमली. मग पैलवान गाड्यावर चढला.

"मी भीमा खरात!" तो गरजला. माईकची गरजच नव्हती. "मी ह्या प्रभागात उभारलोय. आन तुमच्या पाया पडून सांगतो, मला एक बी मत देऊ नका!"

लोक खदाखदा हसले.

"हसू नका. मला फशिवलं. मास्तर फसला. आमचं नाव वापरून भीमाक्काला पाडायचा डाव हाय. म्हनून सांगतो, किटलीला हात लावू नका, हात भाजंल! ग्लासाला लावू नका, काच लागंल! कपबशी धरा, सरळ कपबशी!"

तेवढ्यात मास्तरने वरात निघतानाची धून धरली आणि गर्दीतून शिट्ट्या उठल्या. संध्याकाळपर्यंत पोरंसोरं गल्लीगल्लीत ओरडत होती, किटलीला हात लावू नका, हात भाजंल! रोज एक चौक. अण्णांच्या रिक्षा भोंगे वाजवून थकल्या, त्यांच्याकडे कुणी ढुंकून बघेना.

भीमाक्काने कळल्यावर एवढंच विचारलं, "दोगं जेवले का?" आणि डबा पाठवला. गाड्याजवळ ती एकदाही आली नाही.

चौथ्या की पाचव्या चौकात अण्णांची गाडी येऊन थांबली. अण्णा उतरले, हसतमुखाने पैलवानाच्या खांद्यावर हात ठेवून त्याला बाजूला घेतलं.

"पैलवान, तालीम कुणाच्या जागेत आहे?"

"म्हापालिकेच्या."

"कागद आहेत?"

"माझ्या वस्तादाच्या वस्तादानं तितं माती टाकलीया. तवा तुमचं म्हापालिकेत कोन व्हतं?"

"कुलूप लागेल."

पैलवानाने खांद्यावरचा हात दोन बोटांनी उचलला आणि खाली सोडला. "लावा. पर अण्णा, एक सांगतो. मी लई कुस्त्या हरलोय. समदी दुनिया बगत असताना पाठ टेकलीया मातीला. हरायचं भ्या मला दावू नका. तुमी कदी हरला न्हाय म्हनून तुमाला त्याचं एवढं भ्या हाय."

अण्णांचं हसू गेलं. ते गाडीत बसले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तालमीला खरोखरच कुलूप होतं. दारावर महापालिकेचा कागद, इमारत धोकादायक. पोरं लंगोट खांद्यावर टाकून बाहेर उभी होती, पोरी भिंतीला टेकून. एकीचे डोळे भरून आले होते. वस्तादाचा फोटो आत होता, मारुतीचा दिवा आत होता. त्याने कुलूप हातात धरून पाहिलं. त्याने झटका दिला असता तर कडी कोयंड्यासकट निघाली असती, हे त्यालाही कळत होतं, आणि कोपऱ्यावर मोबाइल रोखून उभ्या असलेल्या शिवूलाही. पैलवानाने कुलूप सोडलं.

"चला," तो पोरांना म्हणाला, "जोर-बैठका काढाय छप्पर लागत न्हाय." आणि भर रस्त्यात त्याने बैठकांना सुरुवात केली. गुडघे कुरकुरत होते. रिक्षावाले थांबून मोजू लागले. मग एकेक करत पोरंपोरी मागे उभारली. त्या दिवशी प्रभागात भाषणाची गरजच पडली नाही.

मतदान झालं. मोजणीच्या दिवशी निकाल इतका घासून लागला की अण्णांनी पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा मोजलं तरी भीमाक्का पुढेच. ग्लासाला अगदी थोडी मतं पडली. किटलीला मात्र, एवढं ओरडूनही, बरीच पडली होती. काही चुकून पडली असतील. काही जुन्या शौकिनांनी, पैलवानाला मत नाही द्यायचं म्हणजे काय, म्हणून मुद्दाम टाकली असतील.

घरी आल्यावर पैलवानाने आईकडे रोखून पाहिलं. "आयं, तू कुटलं बटन दाबलंस?"

"किटली," केराबाई म्हणाली.

"आगं, मी घसा फोडून सांगत हुतो!"

"ते लोकास्नी. मी आय हाय तुझी. प्वाराला सोडून दुसऱ्याला मत द्यायाला मी काय येडी हाय?"

पैलवानाने कपाळाला हात लावला. कितीतरी दिवसांनी तो पोटभर हसला.

अक्काने पहिल्याच सभेत तालमीचा प्रश्न काढला. बहुमत अण्णांच्या बाजूचं होतं, विषय पुढे ढकलला गेला. तिने येऊन पैलवानाला ते जसंच्या तसं सांगितलं. "लगीच हुईल आसं म्हणणार न्हाय मी. पर दर सभेला काढीन. तोवर आमच्या विडी युनियनच्या हापिसामागं जागा मोकळी हाय."

युनियनच्या ऑफिसामागे बाभळी आणि काचा होत्या. पोरांनी त्या साफ केल्या. करकंबकडच्या एका जुन्या शौकिनाने तांबडी माती आणून टाकली. विडी वळणाऱ्या बायकांनी घरातून हळद, लिंबं, ताक आणलं. ते मातीत कालवून पैलवान हौदा मळत होता, तेव्हा शिवू आला. मास्तरही तिथेच होता, मिरवणुका हुकल्याचं दुःख पोरांना ऐकवत बसला होता.

"पैलवान," शिवू लांबूनच म्हणाला, "अण्णा म्हणत्यात, झालं गेलं सोडा. एकदा बंगल्यावर येऊन भेटा. नमस्कार करा. कुलूप त्याच दिवशी निघंल."

पैलवानाने कमरेत वाकूनच विचारलं, "नमस्कार कुनी करायचा?"

"तुमी."

"अण्णाला सांग, कुलूप ठेवा म्हनावं. लई चांगलं हाय, म्हाग दिसतंय." तो सरळ उभारला. कोपरापर्यंत तांबडा झाला होता. "आन हे बी सांग, पुढच्या बारीला मी पुन्हा उभारनार हाय. त्यांच्याच इरोधात, आन अक्काला इचारून. त्या टायमाला मला मतं मागायची हायत."

शिवू आल्या पावली फिरला. मास्तर खो खो हसत म्हणाला, "पैलवान, खरंच उभारनार?"

"मग काय चेष्टा करतोय?" पैलवान म्हणाला, आणि सगळ्यात धाकट्या पोरीला त्याने हाताने खूण केली. "ये गं. केस बांध नीट. आदी माती कपाळाला लाव, मग पाय ठेव."