बिनमिठाचे तारले

जर्मनच्या थाळीच्या कडेला तिरफळाचं एक बोंड अडकून राहिलं होतं. काळं, फुटलेलं, त्याच्याभोवती तेलाचं बारीकसं कडं... बाकीचं सगळं जसंच्या तसं होतं. भात, त्यावरची लालसर आमटी, दोन अख्खे तारले. तांबू कुत्र्याने नाक जवळ नेलं होतं, शिंकला होता, आणि पुन्हा पायरीखाली जाऊन फाटकाकडे तोंड करून बसला होता.

हरिश्चंद्र मास्तर थाळीपाशी उकिडवे बसून होते. बायको, कावेरी, गेली त्याला आज चौदावा दिवस. सुतक सरेपर्यंत घरात मासळी शिरता कामा नये, असं वालावलहून आलेल्या माईने, त्यांच्या थोरल्या बहिणीने, पहिल्याच दिवशी बजावलं होतं, आणि कुत्र्यापुरतं विचारायचं धैर्य त्यांना झालं नव्हतं... तांबू पेजेतली शितं सोडून नुसतं पाणी चाटून राहिला. काल माई आपल्या गावी परतली आणि आज सकाळी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा मासे शिजवले — चाळीस वर्षं आपल्या पानात पडत आले तसेच, मिरची, कोकम, तिरफळ घालून. दुसरं काही ठाऊक असतं तर ना.

कुत्र्याच्या बरगड्या दिसू लागल्या होत्या. हा गेला तर — तर कावेरीचा हात ओळखणारं घरात कुणी उरणार नाही, असं त्यांच्या मनात आलं. आणि लगेच, मी? मी उरेन की. पण मला तिचा हात ओळखता येत होता का...

"मास्तरांनू, ह्या काय? कुत्र्याक तिरफळां?" फाटकातून रोझालिना आत आली होती. रोज दारावर मासे घेऊन येणारी. टोपली उतरवता उतरवता ती हसली. "गावच्या पोरांक शिकवून झाला, आता ह्येका तिखाट खावक शिकवतास?" मग हे दुःखातलं घर आहे हे आठवून तिने जीभ चावली.

"खाणां नाय गो तो," मास्तर म्हणाले. "काय करू, सांग."

"बाय कशी करी, ता कधी बघूक नाय?"

नव्हतं बघितलं. मासळीचा सुकाळ झाला की लोक माडांच्या मुळाशी तारल्यांचे ढीग ओतत, खत म्हणून. तसल्या एका ढिगापाशी कावेरीला हे पिल्लू सापडलं, खरजेने अंगावर एक केस न उरलेलं. तारल्याचं तेल केसांत उतरतं, ती म्हणाली होती. दोन महिन्यांत खरोखरच तांब्यासारखी लव चढली, आणि मास्तर ती पाहून काय म्हणाले, तर — कशाला म्हणालो मी ते — वास मारतो तुझ्या हातांना, त्या हातांनी माझ्या वह्या हलवू नकोस. ती हसली. पण त्यानंतर वह्यांवरची धूळ कधी पुसली गेली नाही, आणि हे त्यांच्या लक्षात यायला वर्ष लागलं, आणि लक्षात आल्यावरही ते बोलले नाहीत... शाळेत सीता नावाच्या मुलीला त्यांनी नऊचा पाढा तीन महिने शिकवला होता, रोज पहिल्यापासून, आवाज एकदाही न चढवता. तेवढा धीर होता अंगात. चुलीपाशी पाच मिनिटं उभं राहण्यापुरता मात्र...

"सावकाश सांग," ते म्हणाले.

रोझालिनाने एकेक बोट मिटत सांगितलं. "पोट काढून धुवचे. मीठ नाय, मिरची नाय. थोड्या पाण्यात उकडूचे. मदलो काटो काढूचो, मग बोटांनी बारीक काटे. आनी वर तेलाचा तवंग येता मा, तो ओतून टाकू नकात, भातात कालवा. आनी रोज नाय हां, आठवड्याक दोनदा-तीनदा. अति झाला तर पोट बिघाडता."

"मीठ नाही. तवंग ठेवायचा. आठवड्याला दोनदा-तीनदा."

"बरो शिकतास," ती म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "थाळयेत नको हां. बाय हातावरच भरवी."

तिने मूठभर तारले काढून दिले आणि ती पुढच्या घराकडे गेली. मास्तरांनी ते उकडले. मधला काटा अलगद सुटला. बारीक काटे दिसत नव्हते, नुसते बोटांना लागत होते, केसांएवढे. एकेक वेचायला बराच वेळ गेला, आणि हे ती कामं आवरता आवरता कधी करत होती, मी पेपर वाचत असताना?... भात कालवून ते पायरीवर बसले आणि त्यांनी तळहात पुढे केला.

बराच वेळ काही नाही. मग तांबू उठला. वास घेतला, मास्तरांच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा वास घेतला. खा रे, बाबा, खा... खरखरीत जीभ तळहाताला लागली. एक घास गेला.

आणि मास्तरांना आठवलं. तेरा दिवस मी वेळेवर जेवलो. माई वाढायची, मी जेवायचो. आमटी अळणी झालीय, असंही एकदा म्हणालो. तिच्यासाठी उपाशी राहिलेलं या घरात एकच तोंड होतं.

तांबू दुसऱ्या घासासाठी वाकला. इतक्यात नको, इतक्यात तिला विसरू नकोस, असं त्यांच्या मनात आलं, अगदी स्पष्ट, आणि त्या विचाराने ते दचकले. तळहात मिटावा की तसाच धरावा, हे त्यांना ठरवता येईना.