पिवळा ठिपका

बायको गेल्यापासून घर खायला उठायचं, म्हणून मिस्त्री दुकानात लवकर यायचा. लोकांना वाटायचं, बिचारा दुःखात आहे. दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर तो तिच्यावर रागावलेला होता. आणि गेलेल्या माणसावरचा राग काढायचा तरी कुणावर?

दुकान तिच्या धाकट्या भावाचं. टक्कल पडलं, पोट सुटलं, तरी तो सगळ्यांचा बाळ्याच राहिला. एका मोठ्या कंपनीच्या घडीच्या सायकली तो विकायचा. मधोमध बिजागरी, दुमडली की जिन्याखाली मावते. बाळ्या विकायचा आणि मिस्त्री दुरुस्त करायचा. बायकोकडेही तीच सायकल होती, भावाने हौसेने दिलेली. तीन महिन्यांपूर्वी उतारावर ती मधोमध निखळली. बायको डोक्यावर पडली, ती पुन्हा उठलीच नाही. कंपनीचा माणूस येऊन मोडकी सायकल घेऊन गेला आणि पंधरा दिवसांनी पत्र आलं: बिजागरीचा खटका नीट बसवलेला नव्हता, चूक चालवणाऱ्याची.

मिस्त्रीने ते खरं मानलं. शंभरदा सांगितलं होतं तिला, खटका वाजेपर्यंत दाबायचा म्हणून. गॅसचं बटण तीनतीनदा बघणारी बाई, तिने नेमकी इथेच घाई करावी? भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच सांगायचा.

त्या दिवशी सकाळी शाळेच्या बाई सायकल घेऊन आल्या.

"जरा बघा हो मिस्त्री, दुमडताना करकरते. शेजारीण म्हणते, ही सायकल आहे की जुनं दार."

मिस्त्रीने बिजागरी पाहिली. वर पिवळा ठिपका होता. गेल्या वर्षी कंपनीचं फर्मान आलं होतं: या खेपेच्या सगळ्या सायकलींच्या बिजागऱ्या उघडा, आतली पिन तपासा, खराब असेल तर बदला, चांगली असेल तर पिवळा ठिपका द्या. ते काम बाळ्याने एकट्याने केलं होतं. आणि दुकानातला नियम असा, की दुसऱ्याने ठिपका दिलेली बिजागरी आपण उघडायची नाही. स्क्रू निळ्या गोंदाने बसवलेला असतो, उगाच उघडला की पकड जाते. शिवाय ज्याने तपासली त्याचा अपमान. या नियमापायी मिस्त्रीने स्वतःच्या बायकोची सायकलही कधी उघडली नव्हती.

पण करकर ऐकू येत होती. त्याने नियम बाजूला ठेवला आणि पाना लावला. स्क्रू हलेना. दोन्ही हातांनी जोर दिला तेव्हा कट्‌ असा आवाज होऊन गोंद तुटला.

मिस्त्री थांबला. कारखान्यातला गोंद पहिल्यांदा तुटतो तेव्हाच असा आवाज येतो. म्हणजे ही बिजागरी आजवर कुणीच उघडली नव्हती.

पिन बाहेर काढून त्याने पुसली. मधोमध केसाएवढी चीर. अशी पिन तुटली, की खटका लावलेला असला तरी सायकल निखळते.

"बाई, आज चालत जा," तो म्हणाला. "सायकल इथेच राहू दे."

दुकानात दुरुस्तीला आलेल्या आणखी दोन ठिपकेवाल्या सायकली होत्या. त्याही त्याने उघडल्या. दोन्हींचा गोंद कोरा. एकीच्या पिनेला चीर.

बाळ्या आला तेव्हा तिन्ही पिना बाकावर मांडलेल्या होत्या. त्याने त्या बघितल्या आणि तो स्टुलावर बसला.

"भाऊजी, मी सांगणारच होतो."

"कधी?"

"कंपनीने रंगाची बाटली पाठवली, नव्या पिना पाठवल्याच नाहीत. मागाहून येतील म्हणाले. तोपर्यंत ठिपके द्या आणि यादी पाठवा, नाहीतर एजन्सी दुसऱ्याला देऊ. एवढी नावाजलेली कंपनी, मला वाटलं काय होणार आहे."

"त्यातल्या किती उघडल्यास?"

बाळ्या बाकावरच्या पिना सरळ करू लागला.

"एकही नाही?"

"एक्केचाळीस सायकली होत्या, भाऊजी."

"त्यात तुझ्या ताईची एक."

"तिची तर तुम्ही घरी बघितलीच असेल, असं धरून चाललो. नवरा मिस्त्री म्हटल्यावर..."

"तुझा ठिपका होता तिच्यावर. तुझा ठिपका बघून मी हात लावला नाही."

बाळ्याने टकलावरून हात फिरवला. मिस्त्री आवाज न चढवता बोलत होता, त्यानेच बाळ्या जास्त घाबरला.

"पत्र आलं तेव्हा तू माझ्या शेजारी बसला होतास," मिस्त्री म्हणाला. "मी म्हणालो, हिने खटका लावला नसणार. तेव्हा तू काय म्हणालास?"

"जाऊ द्या ना आता."

"ताई लहानपणापासून धांदरटच, असं म्हणालास. आणि माझ्यासमोर चहा प्यायलास."

"आता सांगून ती परत येणार आहे का? दुकान जाईल. लोक म्हणतील, सख्ख्या भावानेच..."

"अजून सदतीस जण रस्त्यावर आहेत, बाळ्या. गिऱ्हाइकांची वही काढ."

बाळ्या जागचा हलला नाही. मिस्त्रीने स्वतःच खण उघडून वही काढली आणि पहिल्या नावापासून फोन लावायला सुरुवात केली. सायकल चालवू नका, दुमडून ठेवा, मी घरी येऊन बिजागरी उघडून दाखवतो. कुणी वैतागलं, कुणी घाबरलं. एकाने विचारलं, कंपनी तर चांगली ना, तुम्हीच तर सांगितलं होतं डोळे झाकून घ्या म्हणून. मिस्त्री म्हणाला, हो, मीच सांगितलं होतं.

सातवा फोन गल्लीतल्या शिंप्याला.

"पण मिस्त्री," शिंपी म्हणाला, "वहिनींचं तसं नव्हतं ना? त्यांनी खटकाच लावला नव्हता म्हणे."

"कोण म्हणालं?"

"तुम्हीच की. माझ्या दुकानात बसून सांगितलंत."

मिस्त्रीने बाळ्याकडे बघितलं. बाळ्या जमिनीकडे बघत होता.

"मी चुकीचं सांगितलं," मिस्त्री म्हणाला. "लावला होता तिने. ज्यांना ज्यांना तुम्ही हे सांगितलं असेल, त्यांनाही सांगा."

आणि त्याने आठवा नंबर फिरवला.