आडवा होतो तेव्हा मी कामाचा होतो

साहेब, दार लावू नका असे तुम्हीच सांगितलेत. या परसात उभे राहून, या घरचे पाणी पिऊन सांगितलेत, आणि वेळ आल्यावर सरळ कानांवर हात ठेवलेत. तुम्हाला वाटले असेल, साक्षीला कोण आहे? मी होतो. भिंतीला टेकून उभा होतो.

मित्रांनो, मी एक जुना दरवाजा आहे. साहेबांशी माझे काय वाकडे आहे ते कळायला पहिल्यापासून सांगावे लागेल.

मी एका दवाखान्यासाठी जन्मलो. भरीव लाकडाचा, दोन्ही बाजूंनी सपाट, नक्षीबिक्षी काही नाही. आजारी माणसे मला कोपराने ढकलून आत जात आणि बरी झालेली माणसे लाथेने ढकलून बाहेर पडत. मला त्याचे कधी वाईट वाटले नाही. पुढे दवाखाना पाडला. नव्याला काचेचे दार आले आणि मी भंगारवाल्याकडे गंजक्या पिंपांमागे जाऊन पडलो. फक्त वाळवी लागायची बाकी होती.

तिथून मला एक म्हातारा सुतार आणि त्याची सून घेऊन गेली. सुतार ज्या कारखान्यात खुर्च्या करत असे तो बंद पडला होता. त्याची बोटे आखडली होती. मुलगा घर सोडून गेला तो गेलाच. उरली ही दोघे, आणि घरामागचे चार पावलांचे परस. तिथे सुतारकामाची शेड उभी करायची आणि सुनेने काम शिकायचे, असे त्यांनी ठरवले. शेड चालली तर दोघांची चूल पेटणार होती. नाही चालली तर दुसरा रस्ता नव्हता.

"हात माझे गेले, डोकं शाबूत आहे," म्हातारा म्हणाला. "डोकं माझं, हात तुझे. बघ जमतंय का."

"जमेल. पण तुमचं डोकं तापलेलं असतं मामंजी. तेवढं थंड ठेवा, नाहीतर माझे हात भाजायचे."

पैसा नव्हता, म्हणून डोके चालवावे लागले. खांबांसाठी ट्रकमधून माल उतरवतात त्या लाकडी पॅलेट फोडल्या. सून एकेक खिळा उपटून, दगडावर ठोकून सरळ करी आणि डब्यात टाकी. पत्रे एका पाडलेल्या गॅरेजचे होते. भोकांतून ऊन पडे, ती भोके तिने डांबराने बुजवली. खाली फुटक्या फरशांचे तुकडे बसवले. स्वयंपाकघराच्या खिडकीतून वायर ओढून एक दिवा आणला. आणि शेडला दार म्हणून मला आणले. माझे बिजागर तिने रॉकेलने घासून चकचकीत केले होते.

तेवढ्यात साहेब आले. नगरपालिकेच्या कार्यालयाचे साहेब. परस घराचे असले तरी जमीन कार्यालयाची होती. त्यांनी शेड पाहिली, मान डोलावली, पाणी मागितले.

"छान केलंय. फक्त दार लावू नका. दार लावलं की खोली होते, खोलीला परवानगी लागते, आणि परवानगी तुम्हाला मिळायची नाही. उघडं ठेवा, कोण विचारतंय!"

साहेब गेल्यावर म्हातारा माझ्याकडे बघत बसला. मग म्हणाला, "उभा नाही तर आडवा. पाठ सपाट आहे गड्याची."

असा मी दरवाजाचे टेबल झालो. मोडक्या पलंगाचे चार पाय मला लावले. कुलपाच्या भोकात खुंटी ठोकली, तिला फळी टेकवून सून रंधा मारी. उंची मात्र म्हाताऱ्याने स्वतःच्या मापाने धरली. सुनेची हनुवटी माझ्या कडेला लागायची बाकी.

"जरा उंच हो की," म्हातारा म्हणाला.

"या वयात? पाय कापा टेबलाचे."

पाय कापले. एक आखूड झाला. मग तीन कापले, तर चौथा लांब. तो कापला, मी पुन्हा डुगडुगलो. "मामंजी, अजून दोनदा कापलंत तर चटई टाकूनच काम करते," सून म्हणाली, आणि म्हातारा इतका हसला की त्याला उचकी लागली. शेवटी पायाखाली पत्र्याची घडी सरकवली. ते माझे सुखाचे दिवस होते. दवाखान्यात मला सगळ्यांनी ढकलले होते. इथे पहिल्यांदा कुणी माझ्यावर हात टेकून उभे राहिले.

पाट झाले, स्टुले झाली, मोडक्या खुर्च्यांना पाय आले. सांधे आवळायला शिकंजे नव्हते, म्हणून सून सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या घट्ट गुंडाळी आणि सरस वाळला की सोडी. दार नव्हते, त्यामुळे चांगला रंधा चोरीला गेला. ती रडली नाही. दुसऱ्या दिवसापासून काम संपले की सगळी हत्यारे टोपलीत भरून घरात नेऊ लागली. साहेबांचा शब्द पाळायचा म्हणून ती रोज हे ओझे वाहत होती, मित्रांनो.

आणि मग साहेब पुन्हा आले, शिपायाला घेऊन. शेजारच्या मास्तरीणबाईंचे पुस्तकांचे कपाट तेव्हा माझ्या पाठीवर होते. सरस ओला होता, ट्यूब आवळलेली होती.

"तक्रार आहे. भुसा उडतो. असा उघड्यावर धंदा चालत नाही. बंदिस्त जागा पाहिजे."

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, दार लावू नका!" म्हातारा ओरडला.

"मी? लेखी आहे का काही?"

सून म्हणाली, "तुम्ही पाणी प्यालात त्याचंही लेखी नाही साहेब. म्हणजे तहानही लागली नव्हती का?"

साहेबांनी ऐकले नाही. शेडला सील ठोकायचा हुकूम सोडला. शिपाई डोके खाजवत म्हणाला, "साहेब, सील लावायचं कशाला? दारच नाही."

साहेबांनी इकडेतिकडे पाहिले आणि त्यांची नजर माझ्यावर आली.

कपाट आवळलेल्या ट्यूबसकट आतच जमिनीवर उतरवले. माझे पाय उपटले, भोकातली खुंटी काढली. हत्यारांची टोपली आत ढकलली. आणि मला, ज्याला उभे करायला बंदी होती त्या मला, शेडच्या तोंडाशी उभे केले. शिपायाने खिळा धरला आणि माझ्या कडेवर असा घाव घातला की मी चरचरलो. खिळा वाकला. दुसराही वाकला.

"फोडशील रे त्याला!" म्हातारा कळवळला.

सून पुढे झाली. "द्या इकडे. कडेला आधी भोक पाडावं लागतं." तिने फटीतून आत हात घालून टोपलीतले गिरमिट काढले, भोके पाडली आणि एकेक खिळा सरळ बसवला. स्वतःच्या पोटावर स्वतःच्या हाताने दार ठोकले तिने, कारण वाकड्या खिळ्याने लाकूड चिरलेले तिला बघवत नव्हते. साहेबांनी माझ्या कुलपाच्या भोकातून सुतळी ओवली आणि लाख ओतली. शिपायाने हात पुढे केला. "ते गिरमिट पण द्या. जप्त."

आता सून एका मोठ्या दुकानात उभी असते. यंत्रावर झालेल्या खुर्च्यांवर किमतीच्या चिठ्ठ्या चिकटवते. म्हातारा मागच्या पायरीवर बसून माझ्याकडे बघतो. परवा ती कामावरून आली तेव्हा त्याने विचारले, "वाळला असेल का गं सरस?"

"कधीच वाळला असेल."

"ट्यूब सोडायला हवी होती. सांधे पिळवटतात."

ती चप्पल काढून आत गेली.

मित्रांनो, अशा गोष्टीच्या शेवटी जुन्या वस्तूंची काळजी घ्या असे सांगतात. माझी काळजी घेतली होती. तेल पाजले, घासले, चिरा बुजवल्या. त्याने काहीही वाचले नाही. म्हणून तुम्हाला शिकवायला माझ्याकडे काही नाही. मला फक्त साहेबांना विचारायचे आहे.

साहेब, दार लावले की ती खोली, आणि खोलीला परवानगी नाही. दार काढले की तो उघड्यावरचा धंदा, आणि त्यालाही परवानगी नाही. मग या बाईने पटाशी हातात घेऊन उभे राहायचे, अशी एक तरी जागा तुमच्या कायद्यात आहे का? असेल तर बोटाने दाखवा. नसेल तर नाही म्हणा, इथे येऊन, तिच्या तोंडावर म्हणा. गप्प बसू नका. उत्तर द्या.