सेकंदाला हजार ठोके

मी शिरूरच्या मार्केट यार्डामागे एका थंड खोलीत उभा असलेला जुना सर्व्हर आहे. माझ्या पोटात तीस छोटे सर्व्हर चालतात. लोक ते दुरून भाड्याने वापरतात आणि त्याला क्लाउड म्हणतात. मित्रांनो, त्यातल्या एकावर रुग्णवाहिकेसाठी गावोगावचे फोन येतात. पाच वर्षांत मी एकही निरोप रखडवला नव्हता. माझी देखभाल करणारी रुपाली फराटे माझं कौतुक करताना थकत नसे.

प्रत्येक छोट्या सर्व्हरच्या आत एक ठोका असतो. ठोका पडला की हातातलं काम थांबवायचं, पुढची पाळी कोणाची ते बघायचं, मग पुन्हा कामाला लागायचं. रुपालीने सेकंदाला अडीचशे ठोके ठेवले होते.

उन्हाळ्यात पुण्याहून सम्राट नावाचे नवे साहेब आले. त्यांनी सरसकट हजार केले.

"साहेब, ठोकं वाढवून काम वाढत न्हाई, थांबणं वाढतं. आधी एकावर करून बघू," रुपाली म्हणाली.

"हजार म्हणजे चौपट वेग. मला शिकवू नका."

तीस सर्व्हरांचे ठोके सेकंदाला तीस हजार वेळा मला अडवू लागले! काम करायचं कधी?

आठवड्याभरात मांडवगण फराटा गावच्या सखूबाईंना शेवंती तोडताना घोणस चावली. त्यांचे पती हौसराव यांनी लगेच फोन केला, पण गाडीपर्यंत निरोप पोचायला अकरा मिनिटं लागली. सखूबाई वाचल्या, उजव्या हाताची दोन बोटं मात्र गेली.

हौसराव तणतणत आले. साहेबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "मशीन जुनं झालंय. भंगारात काढतो."

माझे पंखे संतापाने घोंघावत होते.

"खोटं हाय, आबा!" रुपाली कडाडली. तिने सर्वांदेखत ठोके बदलले. फोनच्या सर्व्हरला अडीचशे, कारण त्याहून कमी केले की आवाज तुटायचा. बाकीच्यांना शंभर पुरेसे होते. "लावा आता फोन."

तिसऱ्या सेकंदाला गाडीवाल्याला निरोप गेला. हौसराव रुपालीकडे वळले.

"म्हंजी हे आधी करता येत व्हतं?"

"व्हय, आबा."

तरी साहेबांनी अहवालात 'जुन्या यंत्रातील बिघाड' असंच लिहिलं. रुपालीने सही केली नाही. खाली तिने स्वतःच्या अक्षरात खरं कारण लिहिलं.

मित्रांनो, आमची धूळ पुसली नाही तरी चालेल. पण आम्हाला हात लावण्याआधी, आमच्याजवळ रोज बसणाऱ्या माणसाला एकदा विचारा.