बुधवारचं पाणी

शहरात पाणी कुणाला किती मिळतं आणि का, हे मुलांनी स्वतः लिहून समजून घ्यावं म्हणून दर रविवारी सकाळी मी नारायण पेठेतल्या वाचनालयात लेखनवर्ग घेते. नदीचं मनोगत आणि थेंबाचं आत्मवृत्त यांना सक्त बंदी. एकतीस वर्षं शाळेत तेच तपासून मी विटले आहे.

शकू दोन रविवार आली नव्हती. तिसऱ्या रविवारी आली तेव्हा मी चांगलंच फटकारलं. तिनं शांतपणे सांगितलं की आजचा वर्ग तिचा शेवटचा. तिचं गाव महापालिकेत आलं, नळ आले, पाणी मात्र आलं नाही. टँकर आता बुधवारी आणि रविवारी येतो. एकीनं पाइप धरायचा, दुसरीनं हंडे वाहायचे. घरात माणसं दोनच, ती आणि तिची आई. या आठवड्यात टँकर शनिवारीच येऊन गेला म्हणून ती येऊ शकली होती.

त्या दिवशीचा विषय होता : घरातल्या पाण्याचं काय काय होतं ते लिहा. पेठेतल्या नीरजानं लिहिलं, साडेपाचला नळ आला, आईनं कालचे दोन हंडे शिळे म्हणून मोरीत ओतले आणि ताजे भरले. कुणालाच त्यात वावगं वाटलं नाही. मी फक्त ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केलं. सकाळी मीही घरी कालचं पाणी असंच ओतून दिलं होतं.

मग शकू वाचायला उभी राहिली.

“आमच्या पाण्याला वार असतात. बुधवारचं पाणी रविवारपर्यंत पितो. त्याच पाण्यात तांदूळ धुतो, ते धुवण भांड्यांना, भांड्यांचं दारातल्या शेवग्याला. शेंगा आमटीत पडल्या की आई म्हणते, बघ, आपलं पाणी फिरून घरी आलं.”

एवढ्याशा पोरीनं चार ओळींत जे मांडलं, ते मला सबंध नोकरीत शिकवता आलं नव्हतं. नीरजा खाली मान घालून बसली होती.

“हिचा वर्ग बंद नाही व्हायचा,” मी म्हणाले. “पुढच्या रविवारी आपणच टँकरपाशी भरवू.”

नऊ मुलं घेऊन मी तिच्या गावाला पोचले. मुलं हंडे वाहणार आणि शकू लिहिणार, असं ठरलं होतं. रांग वळणापर्यंत गेली होती, टँकरचा पत्ता नव्हता. शकूची आई मथुराबाई आम्हाला आधी घरात घेऊन गेल्या. कोपऱ्यात एकच हंडा होता, त्यावर पांढरं फडकं घट्ट बांधलेलं. त्यांनी ते सोडलं आणि प्रत्येकाला पेला भरून दिला. दहावा पेला माझा. तो भरताना हंडा पार आडवा करावा लागला.

टँकर आलाच नाही तर या मायलेकी आज काय पिणार होत्या, देव जाणे. त्या बाईच्या चेहऱ्यावर मात्र वेगळीच काळजी होती.

“बुधवारचं हाय, बाई,” त्या ओशाळून म्हणाल्या. “झाकून ठिवलं होतं. तुमाला चालंल न्हवं?”

मी दोन्ही हातांनी पेला घेतला. एक थेंबही न सांडता सगळा प्यायले.