पाणीबाबांच्या टबातली साखर

सभागृहातल्या दीडशे खुर्च्यांवर दोनशे माणसं बसली होती आणि प्रत्येकाच्या उजव्या मुठीत पाकातल्या सफरचंदाची एकेक फोड होती. खायची नाही, नुसती धरायची.

"गोडाचा निरोप घ्या, भक्तांनो!" पाणीबाबा गरजले. "पाच मिनिटांत तुमची साखर माझ्या टबात!"

निरोप आटोपला की बोटं कोरड्या रुमालाने पुसायची. मग शिष्य बोट टोचून थेंब साखर मोजायच्या यंत्राच्या पट्टीवर घेई. तीनशे ऐंशी! चारशे दहा! लगेच हात निळ्या टबातल्या पाण्यात बुडवायचा, कोरडा करायचा, पुन्हा टोचायचा. दीडशे! टाळ्या! बरा झालेला माणूस आपली औषधं शेजारच्या पेटीत टाकून मोकळा.

टेलरमास्तरांचे आकडे आले तीनशे ब्याण्णव आणि एकशे अडतीस. त्यांनी गहिवरून खिशातल्या गोळ्या काढल्या. वर्षापूर्वी साखर वाढून त्यांची नजर इतकी अंधुक झाली होती की, एका गिऱ्हाइकाच्या शर्टाला त्यांनी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. डॉक्टरांनी दोन औषधं एकत्र असलेली ही गोळी सुरू केली, तेव्हापासून बाह्या आपापल्या जागी होत्या.

"थांब रे!" मागून त्यांची ताई ओरडली. ताई बेकरीत केक सजवायची. पाकाचं बोट कोरड्या फडक्याने साफ होत नाही, हे तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"ताई, आकडा दिसतोय ना तुला?"

"दिसतोय की. बाबा, आता तुमचं बोट आणा बघू."

"आम्हाला मधुमेह नाही!"

"मग घाबरता कशाला?"

लोकही आग्रह करू लागले. बाबा सकाळपासून स्वतःच्या हाताने फोडी वाटत होते. आकडा आला चारशे सेहेचाळीस.

सगळ्या माना बाबांकडे वळल्या. बाबा मात्र पट्टीचे. "भक्तांची साखर आम्ही अंगावर घेतो!"

"असं होय," म्हणत ताईने कोपऱ्यातल्या नळावर साबणाने हात धुतले, पुसले आणि नवी सुई मागून घेतली. अठ्ठ्याण्णव. मग फोड मुठीत धरली, रुमालाने बोटं पुसली, दुसरं बोट टोचलं. तीनशे एकाहत्तर.

"आता मी कुणाची अंगावर घेतली?"

कुणीतरी खुदकन हसलं आणि मग सगळं सभागृहच हसत सुटलं. कातडीवरचा पाक रक्ताच्या थेंबात मिसळत होता, यंत्र तोही इमानाने मोजत होतं. टबातलं पाणी फक्त बोट धूत होतं.

आपापली औषधं परत घ्यायला गर्दी पेटीवर तुटून पडली. बाबा मागच्या दाराने गेले, टब राहिला.

मास्तर गोळ्या हातात धरून उभेच होते. "म्हणजे मी बरा झालोच नाही? सुटलो असं वाटलं होतं गं."

ताईचा आवाज खाली आला. "सुटला नाहीस. पण एकशे अडतीस खरे आहेत, वेड्या. ते या गोळीचं काम आहे. आणि तुझं, न चुकता घेतोस त्याचं."

मास्तरांनी गोळ्यांची पट्टी पुन्हा खिशात ठेवली, वरून बटण लावलं.

तेव्हा मंडळी, साखर मोजण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करा. आकडा कसा आला, हे विचारायला लाजू नका. आणि गोळी कमी करायची की बंद, हे डॉक्टरांना विचारा. टबाला विचारू नका.